‘मूल गावात नाही’

लसीकरणाच्या नोंदवहीत काही नावांपुढे एक शेरा हमखास आढळतो : ‘मूल गावात नाही’. नर्सबाई लिहितात ते खोटे नसते. टोचणीच्या दिवशी ते मूल खरोखरच गावात नसते. पण शेरा लिहिला की कागदावरचे काम संपते आणि मुलाचा डोस मात्र राहून जातो. आजच्या लेखात या एका शेऱ्याविषयीच लिहायचे आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात लहान मुलांच्या लसी चुकतात, त्याचे मोठे कारण माझ्या मते या तीन शब्दांत आहे.

मुलांना लस का मिळत नाही असे विचारले, की शिकलीसवरली माणसे चटकन उत्तर देतात, ‘लोक अडाणी आहेत, त्यांना काय कळते?’ भद्रावतीसारख्या गावात दवाखाना चालवताना माझा अनुभव निराळा आहे. लसीला ठाम नकार देणारे आईबाप मला फार थोडे भेटतात. भेटतात ते ‘राहून गेली’ म्हणणारे. विचारले तर आई सांगते, ‘पहिला डोस झाला होता डॉक्टर, मग आम्ही इकडे आलो.’ या ‘मग आम्ही इकडे आलो’ मध्ये सारी गोष्ट आली.

जगाचे आकडेही हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगातल्या १०० बालकांपैकी ८९ जणांना घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लसीचा पहिला डोस मिळाला, पण तिसऱ्या डोसापर्यंत ८४ जणच पोहोचले. मधली पाच मुले गळली. त्यांच्या आईबापांनी एकदा तरी मुलाला केंद्रावर नेले होते, म्हणजे त्यांचा लसीला विरोध नव्हता. उरलेली अकरा मुले तर पहिल्या डोसापर्यंतही आली नाहीत. जगभरात त्या वर्षी अशी सुमारे १ कोटी ४५ लाख मुले होती, आणि त्यांतली बरीचशी युद्धाने किंवा अस्थिरतेने गांजलेल्या देशांतली होती.

आपल्या राज्याकडे पाहू. महाराष्ट्र पुढारलेला, असे आपण अभिमानाने म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ साली राज्यातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७८ टक्के मुलांचे प्राथमिक लसीकरण पूर्ण झालेले आढळले. २००५-०६ मध्ये हा आकडा ५९ टक्क्यांवर घसरला आणि २०१५-१६ मध्ये ५६ टक्क्यांवर आला. पुढे तो सुधारला. २०१९-२१ च्या पाहणीत ७३ टक्क्यांच्या वर गेला, पण देशाची सरासरी तेव्हा ७६ होती. या वीस वर्षांत राज्यात शाळा वाढल्या, रस्ते वाढले, दवाखान्यात होणारी बाळंतपणे वाढली. लोक वीस वर्षांपूर्वीपेक्षा अधिक अडाणी झाले, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा घसरणीचे खापर आईबापांच्या अज्ञानावर फोडून भागत नाही.

मग मूल जाते कुठे? पहिले उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ते माहेरी जाते.

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. पोट वाढते तेव्हा तिचे नाव सासरच्या गावातल्या आशाताईच्या वहीत असते. बाळ जन्मते माहेरच्या तालुक्यातल्या रुग्णालयात. तिथे जन्मत: बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-ब ची लस मिळते. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. दीड महिन्याचा डोस माहेरच्या अंगणवाडीत होतो. पुढचे डोस अडीच आणि साडेतीन महिन्यांचे. आणि नेमके याच सुमारास, तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात, बाळाला घेऊन सासरी पाठवणी होते. बाळंतविडा बरोबर जातो, पाळणा जातो, डिंकाचे लाडू जातात. लसीचे कार्ड मात्र माहेरच्या ट्रंकेत राहते. माहेरची नर्सबाई लिहिते, ‘मूल सासरी गेले’. सासरच्या वहीत त्या मुलाचा जन्मच नोंदलेला नसतो, म्हणून पुढच्या टोचणीच्या यादीत त्याचे नाव येत नाही. दोन्ही गावांच्या नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात, आणि त्या दोन बरोबर नोंदींच्या मधून मूल निसटते.

दुसरे उत्तर पोटापाण्याचे आहे. गडचिरोलीतून आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडच्या भागातून दरवर्षी थंडी सरता सरता मजुरांच्या गाड्या तेलंगणात मिरची तोडायला निघतात. नवरा, बायको, कडेवरचे मूल, सगळे जातात. ते परततात उन्हाळ्यात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची गोवर-रुबेलाची लस ज्या मुलाला फेब्रुवारीत मिळायला हवी, ते मूल तेव्हा मिरचीच्या वावरात आईच्या लुगड्याच्या झोळीत झोपलेले असते. तिथल्या नर्सला त्याची माहिती नसते आणि इथल्या नर्सला त्याचा पत्ता नसतो.

उलट बाजूने आपल्याकडे येणारेही कमी नाहीत. पावसाळा संपला की वीटभट्ट्या पेटतात. माजरीकडे वेकोलिच्या खाणी आहेत, आसपास कारखाने आहेत, रस्त्यांची आणि पुलांची कामे चालू असतात. तिथे कंत्राटदाराबरोबर छत्तीसगड, बिहार, झारखंड येथून कुटुंबे येतात. कायम कामगारांच्या वसाहतीला दवाखाना असतो, शाळा असते. कंत्राटी मजुरांच्या झोपड्या बहुधा अशा जागी पडतात, जिथे नगरपरिषदेची हद्द संपलेली असते आणि ग्रामपंचायत त्यांना आपले मानत नाही. ही माणसे ना या गावाच्या यादीत, ना त्या गावाच्या. भट्टीवरच्या मुलाला लस कोणी द्यायची, हा प्रश्न दोन कार्यालयांच्या मधे लोंबकळत राहतो.

तिसरे उत्तर आणखी साधे आहे. मूल गावात असते, पण त्या वेळी घरात नसते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाची रोवणी सुरू झाली की बायका सकाळीच बांधीवर जातात. आपल्याकडे निंदण, मग कापसाची वेचणी. मे महिन्यात तेंदूपत्ता, त्याआधी मोहफूल. अंगणवाडीतली टोचणी सकाळी दहानंतर सुरू होते आणि दुपारी आटोपते. त्या दिवशी केंद्रावर बसायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. लस फुकट आहे असे आपण म्हणतो, पण मजूर बाईला ती एका दिवसाच्या रोजाला पडते. वर्षाच्या आत असा रोज पाच वेळा बुडवायला सांगितला, तर एखादी खेप चुकणारच. त्यातून भामरागडसारखा भाग असेल, तर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद होते.

युनिसेफने २००९ साली देशभर एक पाहणी केली होती. ज्या मुलांचे लसीकरण अपुरे होते, त्यांच्या घरच्यांना कारण विचारले. दुष्परिणामांची भीती सांगणारे ८ टक्के निघाले. सुमारे २६ टक्के म्हणाले, लसीविषयी माहिती नव्हती. ११ टक्क्यांना कुठे जायचे ते ठाऊक नव्हते, ९ टक्क्यांना वेळ सोयीची नव्हती. सर्वांत मोठा गट, २८ टक्के, म्हणाला की गरज वाटली नाही. हे शेवटचे उत्तर माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी कित्येकींना वाटते की बाळाला दवाखान्यात टोचले, नंतर घरी येऊन पोलिओचे थेंबही पाजले, म्हणजे झाले सगळे. लस किती वेळा आणि कशासाठी, हे त्यांना कोणी बसून सांगितलेले नसते. डोस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगाव्यात, असे शिक्षण प्रत्येक आरोग्यसेविकेला दिले जाते : आज कोणती लस दिली, त्याने काय त्रास होऊ शकतो व झाला तर काय करायचे, पुढच्या वेळी केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचे. दोन मिनिटांचे काम. पण चाळीस मुलांची रांग असली की हीच दोन मिनिटे पहिल्यांदा कापली जातात. मग बाळाला रात्री ताप आला, मांडी सुजली, की सासू म्हणते, ‘चांगल्या पोराला आजारी केले, पुन्हा नेऊ नको.’ एक-दोन दिवसांचा असा ताप अपेक्षित असतो, हे आधी सांगितले असते तर ती घाबरली नसती.

केंद्रावर पोहोचूनही लस न मिळता परतणारी मुले असतात, त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. गोवर-रुबेलाच्या आणि बीसीजीच्या कुपीत पावडर असते. ती द्रावणात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. कुपीत डोस अनेक आणि समोर मूल एक, अशा वेळी ‘पुढच्या वेळी या’ असे सांगण्याचा मोह होतो. शासनाची सूचना मात्र स्पष्ट आहे, एका मुलासाठीही कुपी फोडावी. वाया गेलेल्या चार डोसांपेक्षा वाया गेलेली आईची खेप महाग पडते, कारण ती पुन्हा येईलच असे नाही. तीच गोष्ट सर्दी-पडशाची. साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे पातळ शौच, यांमुळे लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. तरी अनेक मुले याच कारणाने परत पाठवली जातात. कधी आईच म्हणते, कधी आमच्यासारखे डॉक्टर म्हणतात, ‘बरा होऊ दे, मग दे.’ तो ‘मग’ येतो तेव्हा कुटुंब मिरचीवर गेलेले असते.

आणखी एक अडथळा बोलण्याचा आहे. उशिरा आलेल्या आईला चारचौघींत ऐकवले जाते, ‘इतके दिवस कुठे होतीस? पोर तुझे आहे की माझे?’ बोलणाऱ्या बाईच्या मनात कळकळच असते. तिच्यावरही भार थोडा नाही. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, त्यात बाळंतपणे, नोंदी, अहवाल आणि मोबाईलवर भरायची माहिती. पण ज्या आईला एकदा असे ऐकावे लागते, ती पुढची चुकलेली तारीख लपवते आणि केंद्राकडे फिरकत नाही.

एवढे सगळे कशासाठी, एखादा डोस राहिला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. गोवराचे उदाहरण घ्या. गोवर हा अतिशय झपाट्याने पसरणारा आजार आहे. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो थोपवायचा तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. आपल्याकडे अजून गोवराला ‘माता आली’ म्हणून कडुलिंबाचा पाला बांधतात आणि मूल आपोआप बरे होईल असे समजतात. पुष्कळ मुले होतातही. पण अशक्त मुलाला त्यातून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि बालके दगावली. राज्याच्या राजधानीत, मोठमोठ्या रुग्णालयांपासून काही मैलांवर हे घडले. ज्या वस्त्यांत ती पसरली तिथे दाटी होती, कामासाठी येणारी-जाणारी कुटुंबे होती आणि लसीकरण अपुरे होते. साथ आल्यावर जादा शिबिरे लागली, घरोघर पाहणी झाली. बैल गेला अन् झोपा केला, असे म्हणावे लागते.

असे हिंडणारे मूल शोधून लस देणे अशक्य आहे का? मुळीच नाही. हे काम आपल्या देशाने एकदा करून दाखवले आहे. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. घरोघर जाणारे पथक प्रत्येक दारावर खडूने खूण करी. सर्व मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादे मूल घरी नसेल तर ‘एक्स’. ‘एक्स’ची खूण असलेल्या घरी पुन्हा जावे लागे. शिवाय रेल्वे स्थानके, बस स्थानके, वीटभट्ट्या, बांधकामे, जत्रा, सगळीकडे पथके उभी केली गेली. मूल कोणत्या गावचे, कोणत्या राज्याचे, हे कोणी विचारले नाही. समोर आले त्याला थेंब पाजले. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या मोहिमेत ‘मूल घरी नाही’ या शब्दांनी काम संपत नव्हते, तिथून ते सुरू होत होते. मला रोजच्या लसीकरणात हाच एक बदल हवा आहे.

दूर कशाला, गडचिरोलीचे उदाहरण शेजारीच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळाची काळजी त्याच्या घरी जाऊन घेण्याची पद्धत बसवली, बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळ दवाखान्यापर्यंत येत नसेल तर सेवेने बाळापर्यंत जावे, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

आता नव्या साधनाविषयी. जानेवारी २०२३ मध्ये काही जिल्ह्यांत प्रयोग म्हणून ‘यू-विन’ ही संगणकीय नोंदणी सुरू झाली आणि पुढे ती देशभर नेण्यात आली. मुलाची नोंद मोबाईल क्रमांकाशी जोडलेली असते आणि ते देशात कुठेही गेले तरी तिथल्या केंद्राला त्याचे राहिलेले डोस दिसावेत, असा तिचा उद्देश आहे. माहेर-सासरच्या आणि भट्टीवरच्या मुलासाठी ही फार उपयोगी गोष्ट आहे. पण क्रमांक बापाच्या फोनचा असतो, फोन बापाच्या खिशात असतो आणि सिमकार्ड वर्षात दोनदा बदलते. जंगलातल्या गावात तर टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. म्हणून यंत्रावर सगळे सोपवून चालणार नाही. एका आशाताईने दुसऱ्या आशाताईला केलेला एक फोन, ‘माझ्या गावची सून बाळ घेऊन तुमच्याकडे आली आहे, अडीच महिन्यांचा डोस राहिला आहे’, हा आजही त्याहून खात्रीचा उपाय आहे.

माझ्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. ‘मूल गावात नाही’ असे लिहिले, तर त्याच ओळीत ते कुठे गेले, कोणाकडे गेले आणि केव्हा परतणार, हेही लिहावे. गरोदर बाईचे नाव माहेर आणि सासर दोन्हीकडच्या यादीत असावे. मिरचीवर गाड्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, असे दोन जादा दिवस त्या गावांत टोचणीसाठी ठेवावेत. भट्ट्यांवर आणि कंत्राटी वस्त्यांत संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी पथक जावे. भट्टीमालकाने आणि कंत्राटदाराने नवीन कुटुंब आले की उपकेंद्राला कळवावे. ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने हद्दीचा वाद बाजूला ठेवून, झोपडी कोणाची हे न पाहता मूल कुठे आहे ते पाहावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. गावाच्या यादीऐवजी मुलाच्या मागे जाण्याची सवय लागते.

आणि घरच्या मंडळींनी काय करावे? लेकीची पाठवणी करताना बाळंतविड्याबरोबर लसीचे कार्ड आठवणीने द्यावे. आजीने एवढे केले तरी मोठे काम होईल. कार्डाचा फोटो बापाने आपल्या मोबाईलमध्ये ठेवावा. परगावी कामाला जाताना कार्ड शिधापत्रिकेइतकेच महत्त्वाचे समजून बरोबर न्यावे आणि तिथल्या अंगणवाडीत दाखवावे. सरकारी केंद्रात कुठल्याही गावच्या मुलाला लस मिळते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर, त्यानंतर दीड वर्षाच्या सुमारास आणि पुढे पाच वर्षे झाल्यावर, या तारखा लक्षात ठेवाव्यात. एखादा डोस चुकला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येते. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवले असले तरी जावे. उशीर झाला म्हणून लाजू नये, आणि कोणी रागावले तर ऐकून घ्यावे, पण लस घेतल्याशिवाय परत फिरू नये.

कापसाची वेचणी संपली की मिरचीच्या गाड्या सुटू लागतील. आपल्या शेजारच्या घरातून कोणी निघाले असेल, तर आजच त्यांच्या बाळाचे कार्ड पाहून घ्या.